परसातून पोट भरावयास शिकविणारा आचार्य : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एका परदेशीय पुरुषाचे चरित्र का, असे काही ज्ञातिबांधव विचारतील. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली निघाल्यापासून कार्व्हर हे नाव महाराष्ट्रात घरोघर परिचयाचे झाले आहे. तथापि भुईमुगापासून शेकडो पदार्थ करणारा किमयागार एवढीच त्यांची ओळख बहुतेकांच्या मनात राहिलेली दिसते. आमच्या मते ती अपुरी आहे. ज्यांच्या घरची जमीन भावाभावांत वाटून एक-दोन एकरांवर आली आहे, त्या आपल्या कुटुंबांना कार्व्हरांच्या कार्याची दुसरीच बाजू अधिक जवळची वाटेल.

त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास, अमेरिकेच्या मिसूरी प्रांतात डायमंड गावाजवळच्या एका शेतावर झाला. आई मेरी ही गुलाम. अगदी तान्हेपणी दरोडेखोरांनी मायलेकरांस पळवून नेले. एक घोडा देऊन मूल परत मिळविण्यात आले. आईचा शोध मात्र कधीच लागला नाही. शिक्षणासाठी हा मुलगा गावोगाव फिरला. धुणी धुतली, स्वयंपाक केला, इस्त्री केली. कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने प्रवेश मंजूर केला आणि कातडीचा रंग पाहताच नाकारला. १८८६ साली त्याच प्रांतात त्यांनी १६० एकरांचा माळ घेऊन मातीच्या ढेपांचे घर बांधले व एकट्याने सुमारे १७ एकर नांगरली. भांडवलावाचून शेती करणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे आयोवातील कृषी महाविद्यालयातून ते १८९४ साली पदवीधर व १८९६ साली उच्चपदवीधर झाले आणि त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगी येथे दाखल झाले. तेथेच त्यांनी उर्वरित आयुष्य घालविले.

टस्कीगीच्या परिसरात त्यांना काय दिसले, ते नीट समजून घेतले पाहिजे. गुलामगिरी कायद्याने गेली होती, पण जमीन मिळाली नव्हती. कृष्णवर्णीय कुटुंबे बहुधा मालकाची जमीन वाट्याने कसत. बी-बियाणे, अवजारे आणि वर्षाचे धान्य दुकानदाराकडून उधार येई आणि त्यापोटी उभे पीक गहाण पडे. सावकाराला व मालकाला कापूसच हवा असे. म्हणून कापूस झोपडीच्या उंबरठ्यापर्यंत लावला जाई. भाजीच्या वाफ्यालाही जागा उरत नसे. वर्षभर शेतात राबणारे कुटुंब दुकानातून आणलेले मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी यांवर दिवस काढी. या आहारातून पेलाग्रा नावाचा रोग दक्षिणेत पसरला. त्याचे मूळ निकृष्ट अन्नात आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर दाखवून दिले. आपल्याकडेही दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गोरगरिबांत हा रोग पूर्वी आढळला होता.

कार्व्हरांचा उपाय साधा होता आणि म्हणूनच आम्हांस तो थोर वाटतो. विकत आणावे लागेल असे काही ते सहसा सुचवीत नसत. रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला कुजका गाळ गोळा करून शेतात घालावा. कापसानंतर चवळी अथवा भुईमूग घ्यावा, म्हणजे मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतील आणि शेंगा घराला अन्न देतील. रताळी लावावीत, कारण थोड्या जागेत ती पुष्कळ येतात. घराजवळ भाजीचा वाफा, चार कोंबड्या, एखादे डुक्कर असावे. त्यांच्या पुस्तिका हे सारे सोप्या भाषेत सांगत आणि चवळी, रताळी कशी शिजवावीत, कशी टिकवावीत हेही गृहिणींसाठी लिहीत. १९१६ सालच्या पुस्तिकेत भुईमुगाच्या १०५ पाककृती आहेत. शेतकऱ्याला वाचता येत नसेल तर शाळेने त्याच्या दारी जावे, म्हणून १९०६ साली न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या देणगीतून अवजारे व नमुने घेऊन हिंडणारी एक घोडागाडी सुरू झाली.

बोंडातील सोंड्या किडा टेक्सासकडून सरकत अलाबामात पोहोचला, तेव्हा कापूस बुडाला आणि भुईमुगाची मागणी वाढली. १९२१ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कार्व्हरांची साक्ष झाली आणि त्यांची कीर्ती देशभर पसरली. तीनशे पदार्थांच्या आख्यायिका येथून वाढल्या. त्यांतील थोडेच बाजारात टिकले. शेंगदाण्याचे लोणी तर त्यांच्या आधीचेच आहे.

या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मालक कापसाखेरीज काही लावू देत नसेल, तर चवळीचा उपदेश ऐकून कूळ करणार काय? जमिनीच्या मालकीचा व कर्जाचा प्रश्न पुस्तिकांनी सुटणारा नव्हता आणि कार्व्हरांनी त्या प्रश्नाला कधी उघड हात घातला नाही. १९२० साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते; १९८२ साली ते सुमारे ३३ हजार उरले.

आयोवात असताना एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला ते रानात फिरावयास नेऊन झाडेझुडपे दाखवीत. तो हेन्री वॉलेस पुढे संकरित मक्याचा व्यापारी, अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपाध्यक्ष झाला. त्याच्या १९४० सालच्या मेक्सिको-भेटीनंतर तेथे रॉकफेलर प्रतिष्ठानचे कृषिकार्य सुरू झाले आणि त्यातून निघालेला बुटका गहू १९६० नंतरच्या दशकात भारतात आला. गुरूची वाट शेणापाल्याची, शिष्याची विकतच्या बियाण्याची. देशाची कोठारे दुसऱ्या वाटेने भरली, हे नाकारता येत नाही. पण कोठार भरणे आणि घरातले ताट भरणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. जगातील शेतांपैकी ९० टक्क्यांहून अधिक आजही कुटुंबेच कसतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली नमूद केले. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर आहे. टस्कीगीची घोडागाडी ज्यांच्या दारी जाई, त्यांच्याहून ही कुटुंबे फार निराळी नाहीत.

कार्व्हर अविवाहित राहिले. जुना कोट व त्यावर एखादे फूल, हा त्यांचा वेष. साठवलेले सारे द्रव्य त्यांनी टस्कीगी येथील संशोधन-निधीला दिले. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले आणि संस्थेच्या आवारात बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये डायमंड गावाजवळची ती जन्मभूमी, जेथे ते गुलाम म्हणून जन्मले होते, राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.