ट्रामच्या गोंगाटापासून दूर : नानाभाई मूस आणि तुमचं वाय-फाय

अलिबागजवळ नागावला माझ्या मावशीचं चिरेबंदी घर आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी मागच्या पडवीत व्हिडिओ लावला की ते गोल चक्र फिरायला लागतं. मावसभावाचं मत ठरलेलं : २०० चा प्लॅन घेऊया. मी त्याला आधी एका पारशी शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली, कारण ती त्याच्या घरापासून अगदी थोड्या अंतरावर घडलेली आहे.

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म मुंबईत, ऑक्टोबर १८५९ मधला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी सूर्यावर प्रचंड स्फोट होऊन पृथ्वीवर मोठं चुंबकीय वादळ आलं होतं आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याची नोंद झाली होती. पुढे हीच वेधशाळा मूस यांच्या हाती आली. एल्फिन्स्टन कॉलेज, मग एडिंबरा विद्यापीठात विज्ञान, परत येऊन भौतिकशास्त्राचं अध्यापन, आणि १८९६ मध्ये कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक.

तिथलं काम बाहेरून कंटाळवाणं वाटेल. बारीक धाग्याला टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा. चुंबक किंचित हललं की आरशावरून आलेला प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर सरकतो. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले अगदी सूक्ष्म बदल असे टिपले जायचे. मूस आले तेव्हा ही नोंद अर्धशतकाची झाली होती.

मग मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. या ट्रामचा डीसी करंट रुळांमधून परत जातो आणि थोडा जमिनीत झिरपतो. जिथे करंट तिथे चुंबकीय क्षेत्र. म्हणजे कुलाब्याच्या चुंबकाला पृथ्वीसोबत ट्रामही ‘ऐकू’ येणार! आमच्या भाषेत याला नॉइज म्हणतात. उपकरण कितीही नाजूक घ्या, ते नॉइजही तितक्याच नाजूकपणे टिपणार. शहर तर ट्राम थांबवणार नव्हतं.

मूस यांनी वेधशाळेचा चुंबकीय भागच हलवला. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे, अलिबागला. नवी इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंड टाळून बांधलेली, कारण लोखंडाचा खिळाही मोजमाप बिघडवू शकतो.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं, पण त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे दोन जागांमधला फरक कळेल आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता येईल. घाई केली असती तर इतक्या वर्षांची मालिका तिथेच तुटली असती. (सर्व्हर बदलताना आम्ही जुना काही दिवस सोबत चालू ठेवतो, तेच हे.) विजेची ट्राम मुंबईत धावली ती मे १९०७ मध्ये.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतची निरीक्षणं आणि त्यांचं विश्लेषण दोन जाडजूड खंडांत छापलं. चुंबकीय वादळांवर काम करणारे आजही ते उघडतात. १९१९ ला ते निवृत्त झाले, १९३६ ला वारले.

आता पडवीकडे. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी गणिताने दाखवलं की कुठल्याही मार्गाचा कमाल वेग दोन गोष्टींवर ठरतो : बँडविड्थ किती, आणि नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती जोरकस. व्हिडिओला तसा फार वेग लागतच नाही. फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस, ४के ला १५ ते २५. घरात तिघं वेगवेगळं बघत असतील तर बेरीज करा. १०० मध्ये हे आरामात बसतं.

म्हणून आम्ही आधी राउटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घेतली : ९४. मग पडवीत : ४. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती, गळती घरातच होती. राउटर ओटीवर लोखंडी कपाटामागे, मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा भिंतींत लवकर दमतो. २.४ वाला जरा पुढे पोचतो, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्हही असतात.

राउटर माजघरात, दाराच्या वर उंचावर नेला. लांब केबल लागली, बाकी काही नाही. पडवीत आता ३८ मिळतात. २०० चा प्लॅन राहिला, आणि मावसभावाने वेधशाळेचा पत्ता विचारला. अलिबागचं ते केंद्र अजून चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे.