रुळांना बोलते करणारा शिक्षक : विल्यम रॉबिन्सन

नाशिकरोड स्थानकावर आपण सर्वजण केव्हा ना केव्हा उभे राहिलेलो आहोत. लाल दिवा जातो, हिरवा दिवा लागतो आणि गाडी निर्धास्तपणे पुढे निघते. पुढचा रूळ मोकळा आहे, ही गोष्ट त्या दिव्याला कोण सांगते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की आपण एका शिक्षकापाशी जाऊन पोहोचतो. सिग्नल इंजिनिअरांच्या जगात सुप्रसिद्ध असलेला हा शिक्षक म्हणजे विल्यम रॉबिन्सन.

रॉबिन्सन यांचा जन्म १८४० साली आयर्लंडमध्ये झाला. पुढे ते अमेरिकेत आले. वेस्लियन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शाळेत मुख्याध्यापकाचे काम केले. त्या काळी तेथे रेल्वेचे भीषण अपघात होत. पुढे थांबलेल्या गाडीची मागच्या गाडीला खबरच नसे. माणसाच्या चुकीमुळे इतके जीव जावेत, हे या तरुणाच्या मनाला लागले.

१८७० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आपल्या स्वयंचलित सिग्नलचा नमुना मांडला. त्याच सुमारास पेन्सिल्व्हेनियातील किंझुआ येथे तो प्रत्यक्ष बसविण्यात आला. गाडी आत शिरताना चाकाने एक तरफ दाबली जाई आणि सिग्नल धोका दाखवी. बाहेर पडताना दुसरी तरफ दाबली जाऊन मार्ग मोकळा दिसे. योजना चालली, लोकांनी वाहवा केली. परंतु रॉबिन्सन स्वतःच आपल्या कामाचे परीक्षक झाले. गाडी मध्येच तुटून चार डबे मागे राहिले तर? तार तुटली तर? अशा वेळी सिग्नल खुशाल मार्ग मोकळा दाखवील, हे त्यांनी ओळखले.

मग त्यांनी नवा विचार केला. रुळांच्या एका तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले जोडला. रुळांतून वीज सतत वाहत राहते, तोवर मार्ग मोकळा. गाडी आली, की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, वीज रिलेपर्यंत पोहोचत नाही आणि लाल दिवा लागतो. तार तुटली, बॅटरी संपली, तरीही लालच! बिघाड झाला तर गाडी थांबावी, हे त्यातील मर्म. २० ऑगस्ट १८७२ रोजी त्यांना या ट्रॅक सर्किटचे पेटंट मिळाले. १९२१ मध्ये ते निवर्तले.

आपल्याकडे मुंबईत व्ही. टी. ते भायखळा या मार्गावर १९२८ मध्ये स्वयंचलित रंगीत सिग्नल आले. परंतु लोखंडी स्लीपर असतील किंवा पावसाने खडी भिजली असेल, तर ट्रॅक सर्किट नीट चालत नाही. म्हणून ॲक्सल काउंटर पुढे आले. रुळाला लावलेली विद्युतचुंबकीय वेटोळी जाणारे प्रत्येक चाक ओळखतात. आत गेलेले आस आणि बाहेर आलेले आस मोजले जातात. हिशेब जुळला तरच मार्ग मोकळा. चार डबे मागे राहिले तर ही मोजणी ते लगेच पकडते. मोजणी चुकली, तर रूळ खरोखर रिकामा असल्याची खात्री करूनच ती पुन्हा शून्यावर आणायची असते. तेथे घाई म्हणजे जीवाशी खेळ.

२० ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे त्या पेटंटनंतर बरोबर १२३ वर्षांनी, फिरोजाबादजवळ नीलगायीला धडकून कालिंदी एक्सप्रेस उभी राहिली होती. रूळ मोकळा समजून मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस सोडली गेली आणि तीनशेहून अधिक प्रवासी दगावले. शोध लागणे वेगळे आणि तो प्रत्येक रुळापर्यंत पोहोचणे वेगळे, हेच खरे.

पालकांना एवढीच विनंती की, मुलाने गणित सोडविले की उत्तराचा ताळा करावयास सांगा. आणि विद्यार्थ्यांनो, शाबासकी मिळाल्यावरही आपली चूक आपणच शोधण्याची सवय लावून घ्या. रॉबिन्सन यांनी तेच केले आणि असंख्य अनोळखी माणसे सुखरूप घरी पोहोचली.