गटारं बांधणारा माणूस

सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. एक, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. दुसरी, मला सिव्हिल नकोच होतं. कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं म्हणून इथे आले. त्यात सांडपाण्याचा विषय सुरू झाला आणि रूममेट्सनी माझं नावच गटार इंजिनिअर ठेवलं! मग एके दिवशी सरांनी फळ्यावर एक नाव लिहिलं : जोसेफ बॅझलजेट. तेव्हापासून मला त्या नावाचा राग येत नाही.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी नववीत होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत माझे आजोबा गेले. त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. तेव्हा सगळे म्हणत होते की आता जग बदलेल, माणसं सुधारतील. मास्क निघाले आणि सगळं पुन्हा होतं तसंच सुरू झालं. मग साथीनंतर समाज खरंच सुधारतो का? या प्रश्नाचं उत्तर मला बॅझलजेटच्या आयुष्यात सापडलं.

त्याचा जन्म १८१९ चा, लंडनजवळच्या एनफिल्डचा. तरुणपणी रेल्वेच्या कामांत तो इतका राबला की १८४७ मध्ये त्याची तब्येत पार ढासळली आणि काम सोडून घरी बसावं लागलं. (सबमिशनच्या आठवड्यात मला हा प्रसंग नेहमी आठवतो!) सावरल्यावर १८४९ मध्ये तो लंडनच्या गटार आयोगात लागला. तेव्हा शहरात कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांहून जास्त माणसं दगावली आणि १८५३-५४ मध्ये आणखी १० हजारांवर. शहराचा सगळा मैला थेम्स नदीत जायचा आणि तेच पाणी कित्येक घरांत प्यायला यायचं.

योजना तयार होत्या, पण पैसा आणि परवानगी नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र थेम्सला एवढी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून पाहिले, उपयोग शून्य. मग काय, अवघ्या १८ दिवसांत कायदा मंजूर! गरिबांच्या मरणाने जे झालं नाही, ते साहेबांच्या नाकाने केलं.

बॅझलजेटची कल्पना साधी होती. जुनी गटारं सरळ नदीकडे उतरायची. त्याने नदीला समांतर मोठी भुयारी गटारं घातली. मैलापाणी नदीत पडण्याआधीच ती अडवून शहराच्या पूर्वेला लांब नेत आणि तिथे ते ओहोटीबरोबर सोडलं जाई. उतार मैलाला निदान दोन फूट. जिथे उतार पुरला नाही तिथे वाफेवर चालणारे पंप. गटारांचा आकार अंड्यासारखा, निमुळता भाग खाली, म्हणजे पाणी कमी असलं तरी वेग राहतो आणि गाळ बसत नाही. पोर्टलँड सिमेंट तेव्हा नवीन होतं, म्हणून ते सतत तपासून घेण्याची शिस्त त्याने लावली. ८२ मैलांची मुख्य गटारं आणि सुमारे ३२ कोटी विटा! काम १८५९ ला सुरू झालं आणि १८७५ पर्यंत चाललं.

गंमत म्हणजे, रोग घाणेरड्या हवेतून पसरतो असंच तोही मानत होता. पाण्यातून कॉलरा होतो हे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवलं होतं, पण फार थोड्यांना ते पटलं. थिअरी चुकली, तरी बांधकामाने काम केलं.

१८६६ मध्ये कॉलरा परत आला. साडेपाच हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक पूर्व लंडनमधली. तो कष्टकऱ्यांचा भाग. तिथलं काम तेवढं पूर्ण व्हायचं राहिलं होतं! त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ८ हजारांवर बळी गेले, तेव्हाही लंडन वाचलं. ते बघायला बॅझलजेट नव्हता. तो १८९१ मध्येच वारला होता.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. शहराबाहेर सोडलेली घाण खालच्या काठावरच्या लोकांना भोगावी लागली. पुढे १८८७ पासून गाळ वेगळा काढून जहाजाने समुद्रात नेऊ लागले. आता वाढलेल्या लंडनला जुनी गटारं पुरेनात, म्हणून २५ किलोमीटरचा नवा बोगदा खणला, तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला.

म्हणून मला वाटतं, साथीनंतर समाज आपोआप सुधारत नाही. कोणीतरी सोळा-सोळा वर्षं उतार मोजत बसावं लागतं. आणि लाइन शेवटच्या गल्लीपर्यंत पोचली नाही, तर रोग नेमका तिथेच परत येतो. आपल्या हॉस्टेलच्या मागच्या वस्तीत अजून ड्रेनेज नाही. पावसाळ्यात तिथला नाला घरांत शिरतो, आपण खिडक्या लावून घेतो.

यंदाच्या प्रोजेक्टला मी त्याच नाल्याचं लेव्हलिंग घेतलंय. गाइड सर हो म्हणालेत. इन्स्ट्रुमेंट मिळालंय, माणसं कमी आहेत. रविवारी सकाळी सात वाजता स्टाफ धरायला कोण कोण येतंय?