वस्तीचं सगळंच दुखणं हाती घेणारे भाग्यरेड्डी वर्मा

हैदराबाद : देगलूर-नांदेडकडून हैदराबादला कामानिमित्त जाणाऱ्यांना कोठी माहीत असतेच. तिथून जवळच इसामिया बाजार. १९१० च्या सुमारास याच भागात एका माला समाजातल्या तरुणाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढली. त्याचं नाव भाग्यरेड्डी वर्मा.

जन्म २२ मे १८८८ चा, मूळ नाव मादरी भागय्या. वडील लहानपणीच गेले, घरात खाणारी तोंडं बरीच. पोरगा एका ख्रिश्चन बॅरिस्टरच्या घरी कामाला राहिला आणि तिथंच लिहाय-वाचायला शिकला. पुढे वीज खात्यात नोकरीही लागली, पण मन वस्तीत होतं.

१९०६ मध्ये त्यांनी जगन्मित्र मंडळी काढली. माणसं भाषणाला येत नाहीत, हरिकथेला येतात, हे त्यांना बरोबर कळलं होतं. आपल्याकडे कीर्तनातून प्रबोधन झालं, तसंच हे. कथेच्या ओघात दारू सोडा, पोरींची लग्नं लवकर लावू नका, असं सांगितलं जाई. मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध तर ते हटून उभे राहिले. आपल्याकडच्या मुरळी, जोगतिणींची गोष्ट ठाऊक असणाऱ्यांना हे काम किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. घरातलेच लोक विरोधात जातात. वस्तीतली भांडणं मिटवायला त्यांनी पंचायतीही नीट बसवल्या.

निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूत. मजुराच्या पोराला ते कसं झेपणार? म्हणून यांच्या शाळांत तेलुगू. एका शाळेच्या पुढे २६ शाळा झाल्या, मुलं अडीच हजारांच्या घरात गेली.

नावाचं दुखणं मात्र शाळेने जाणारं नव्हतं. १९१७ मध्ये विजयवाड्याच्या परिषदेत अध्यक्षपदी असताना त्यांनी 'पंचम' हा शब्दच नाकारला. आम्ही इथले मूळचे, ही त्यांची भूमिका. १९३१ च्या जनगणनेत निजाम सरकारने 'आदि हिंदू' अशी नोंद मान्य केली. गोलमेज परिषदेच्या काळात त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिनिधित्वाला उघड पाठिंबा दिला.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. अरिगे रामस्वामींसारख्या सहकाऱ्यांशी बिनसलं, गट पडले.

१८ फेब्रुवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत ते गेले. त्यांनी उभारलेल्या आदि हिंदू भवनात पुढे मुलींची शाळा भरू लागली.