जेम्स विल्सन

घराचा कारभार असो कीं राज्याचा, जमाखर्चाची वही ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या हातीं तो फार दिवस टिकत नाहीं. घरच्या वहींतील चूक एका कुटुंबास भोंवते. सरकारी वहींतील चूक कोट्यवधि लोकांस भोंवते. सरकारी खात्यांत अर्थशास्त्राचे खरे जाणते असणें किती अगत्याचें आहे, हें जेम्स विल्सन यांच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

विल्सन यांचा जन्म स्कॉटलंडांतील हॉविक गांवीं ३ जून १८०५ रोजीं एका क्वेकरपंथी कुटुंबांत झाला. लहानपणीं त्यांस वाचनाचा फार नाद होता. आपण शिक्षक व्हावें असें त्यांस प्रथम वाटे; परंतु तो विचार सोडून वयाच्या सोळाव्या वर्षीं ते टोप्यांच्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागले. पुढें लंडन येथें त्यांचा व्यापार भरभराटीस आला. मात्र निळीचा भाव चढेल या आशेनें त्यांनीं मोठा सौदा केला आणि १८३७ च्या सुमारास त्यांत त्यांची बहुतेक मिळकत बुडाली. धनकोंस दिलेल्या मालमत्तेंतून पुरती फेड होत नाहीं असें दिसतांच, कायद्याचें बंधन नसतांही, उरलेली रक्कम त्यांनीं पदरची भरली. भाव कां चढतात व कां उतरतात, हें ते असे ठेंच लागून शिकले.

हा अनुभव त्यांनीं व्यर्थ जाऊं दिला नाहीं. १८४३ सालीं त्यांनीं ‘इकॉनॉमिस्ट’ हें साप्ताहिक काढलें. १८४७ सालीं ते पार्लमेंटांत निवडून आले व १८५३ पासून पांच वर्षें ब्रिटिश खजिना खात्याचे चिटणीस होते. त्यांनीं स्थापिलेल्या चार्टर्ड बँकेची शाखा १८५८ सालीं मुंबईस उघडली.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता झाला होता व कर्ज बेसुमार वाढलें होतें. दरबारीं सेनापति होते, न्यायाधीश होते. पण पैशाच्या व्यवहारांत मुरलेला मनुष्य नव्हता. तेव्हां विल्सन यांस कौन्सिलांतील पहिले अर्थसभासद नेमून पाठविण्यांत आलें. नोव्हेंबर १८५९ मध्यें ते कलकत्त्यास उतरले. १८६० सालीं त्यांनीं देशाचें पहिलें अंदाजपत्रक मांडलें. खर्च आधीं आंखावा, मग करावा व शेवटीं तपासावा, ही शिस्त त्यांनीं लाविली. सरकारी कागदी चलनाची योजनाही त्यांचीच. तिचा कायदा १८६१ सालीं झाला. तोंडमिळवणीसाठीं त्यांनीं प्राप्तीवर कर बसविला : वार्षिक दोनशें रुपयांच्या आंतील प्राप्तीस माफी, पांचशेंच्या आंत शेंकडा दोन व त्यापुढें शेंकडा चार.

या करास मद्रासचे गव्हर्नर सर चार्लस ट्रेव्हेलियन यांनीं कडाडून विरोध केला. नवे कर लादण्यापेक्षां लष्करी खर्च कमी करावा. लोकांस न विचारतां बसविलेल्या करानें असंतोष वाढेल, असें त्यांचें म्हणणें होतें. आपला विरोध त्यांनीं वर्तमानपत्रांत छापविला, म्हणून त्यांस परत बोलाविण्यांत आलें. परंतु दैवगति अशी कीं, तेच ट्रेव्हेलियन पुढें अर्थसभासद होऊन आले व १८६५ सालीं तो कर बंद झाला. तथापि १८८६ सालीं सरकारास तो पुन्हां बसवावा लागला.

विल्सन यांस हें कांहींच पाहतां आलें नाहीं. बंगालच्या पावसाळ्यांत श्रमानें शरीर खचलें असतांही त्यांनीं काम टाकलें नाहीं. अतिसारानें ११ ऑगस्ट १८६० रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. या देशांत ते अवघे नऊ महिनेही राहिले नाहींत. पण त्यांनीं घालून दिलेली अंदाजपत्रकाची वहिवाट आजही चालू आहे.

ट्रेव्हेलियन यांचा आक्षेप अगदींच निराधार नव्हता. आंकडे जाणणारास लोकांचें मनही जाणावें लागतें. परंतु नुसती कळकळ असून हिशेब येत नसेल, तर त्या कळकळीनें रिता खजिना भरत नाहीं. ज्या मुलांस आज गणिताचा तास कंटाळवाणा वाटतो, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. देशसेवेचे मार्ग अनेक आहेत. खरा हिशेब मांडणें हा त्यांतील एक आहे.