कुलूपकाराच्या मुलाचा नियम

विद्युतरोधाचे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे घडविणारे कारागीर. स्वतःच्या बळावर गणित शिकलेल्या या गृहस्थांनी आपल्या दोन्ही मुलांना घरीच त्याची गोडी लावली. धाकटे बंधू मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपास आले. जॉर्ज १८१७ मध्ये कोलोन येथे शाळाशिक्षक झाले आणि तेथील प्रयोगशाळेत त्यांनी विद्युतधारेचा अभ्यास आरंभिला.

त्या काळच्या विद्युतघटांचा जोर वापरताना सतत ओसरत असे. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र सदोष ठरले. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकांनी त्यांना तपयुग्म वापरण्याचे सुचविले. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक ठेवला की मंडलात धारा वाहते, हा शोध झेबेक यांनी १८२१ मध्येच लावला होता. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे युग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्याच्या, तर दुसरा वितळत्या बर्फाच्या तापमानास ठेवला. दोन्ही तापमाने अढळ असल्याने प्रेरणाही अढळ राहिली. मग २ ते १३० इंच लांबीच्या आठ तांब्याच्या तारा, टोके पाऱ्यात बुडवून, त्यांनी एकेक करून मंडलात जोडल्या.

निष्कर्ष असा निघाला की, धारा केवळ तारेच्या लांबीशी नव्हे, तर लांबी अधिक एक स्थिर संख्या या बेरजेशी व्यस्त प्रमाणात असते. ही स्थिर संख्या म्हणजे सांध्यांसह उरलेल्या मंडलाचा रोध होय.

डाख दिलेल्या तापविद्युत पदार्थांच्या सांध्याचा रोध आजही याच न्यायाने काढता येतो. वाढत्या लांबीसाठी रोध मोजावा, आलेखावरील रेषा शून्य लांबीपर्यंत मागे न्यावी. जे उरते ते सांध्याचे. या पदार्थांचे विभवांतर मुळातच अल्प असल्याने सांध्याचा किंचित रोधही मिळकतीचा वाटा गिळतो. उच्च तापमानास डाख व पदार्थ एकमेकांत मुरतात आणि तो रोध वाढू शकतो. शिवाय मोजणीची धारा स्वतःच सांधे तापविते वा थंड करते. म्हणून तिची दिशा वरचेवर उलटवावी लागते.

१८२७ मध्ये ओहम यांचा ग्रंथ बर्लिनला प्रसिद्ध झाला. परंतु मायदेशी त्याची उपेक्षा झाली. त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्यांना प्राध्यापकपद मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले, तेव्हा कोठे त्यांच्या कार्याचे मोल सर्वमान्य झाले. म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मात्र साठी ओलांडल्यावर, १८५२ मध्ये लाभले. ६ जुलै १८५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककास त्यांचे नाव दिले. तो मान पाहण्यास ते हयात नव्हते.