शार्ल गार्निए : पॅरिसच्या ऑपेरागृहाचा निर्माता

मुंबईस चर्नी रोड स्टेशनाजवळच्या वस्तीला ऑपेरा हाऊस म्हणतात, आणि तें नांव तेथील नाट्यगृहावरून पडलें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. इ. स. १९११ मध्यें बांधकाम चालू असतांनाच बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. पुढें तेथें आपलीं संगीत नाटकें झालीं, मग चित्रपट आले, १९९३ मध्यें तें बंद पडलें आणि दुरुस्ती होऊन २०१६ मध्यें पुन्हां उघडलें. पण ऑपेरा म्हणजे काय, आणि त्याला एवढें थोरलें निराळें घर कां लागावें, हा विचार त्या रस्त्यानें जातांना क्वचितच कोणाच्या मनांत येत असेल.

ऑपेरा हें युरोपांतील संगीत नाटक होय. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० मध्यें पुण्यास जें संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलें त्यांत पदें आणि गद्य संभाषण एकामागून एक येतात. ऑपेरांत बहुधा सारेंच गावयाचें असतें, आणि साथीस पुष्कळ वादकांचा मोठा ताफा बसलेला असतो. आरंभीं हे खेळ इटलींतील सरदारांच्या वाड्यांत होत. व्हेनिस शहरीं १६३७ मध्यें पैसे देऊन कोणासही आंत जातां येईल असें पहिलें ऑपेरागृह निघालें. त्यानंतर नेपल्सचें सान कार्लो १७३७ मध्यें आणि मिलानचें ला स्काला १७७८ मध्यें उभें राहिलें. घोड्याच्या नालासारखें प्रेक्षागृह आणि त्याच्या भोंवतीं मजल्यावर मजले चढविलेल्या लहान लहान खोल्या, ही त्यांची रचना. या खोल्या धनिक कुटुंबें आपल्यासाठीं राखून ठेवीत. तेथें बसून रंगभूमि पाहावयाची, आणि समोरच्या खोलींत कोण आलें आहे हेंही पाहावयाचें! पाहणारे स्वतःही दिसूं इच्छितात, ही गोष्ट ज्यानें मनापासून ओळखली आणि दगडांत उतरविली, त्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

शार्ल गार्निए याचा जन्म पॅरिस येथें मूफ्तार नांवाच्या रस्त्यावर ता. ६ नोव्हेंबर १८२५ रोजीं झाला. ही वस्ती गरिबांची. बाप लोहारकाम करी व गाड्या बांधी. आई लेस विणण्याचें काम करी. मुलाच्या हातांत चित्रकलेचा गुण दिसल्यामुळें त्याला चित्रकलेच्या मोफत शाळेंत घातलें. तेथून १८४२ मध्यें तो पॅरिसच्या सरकारी ललितकला विद्यालयांत शिरला. पोटासाठीं त्यानें निरनिराळ्या शिल्पज्ञांच्या कचेऱ्यांत नकाशे काढण्याची नोकरी केली. त्यांत वियोले-ल-द्युक या नामांकित शिल्पज्ञाचीही कचेरी होती. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां यावयाचें आहे.

इ. स. १८४८ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्याला रोमचें मोठें पारितोषिक मिळालें. हें ज्याला मिळे त्याचा कांहीं वर्षें रोम येथें राहून शिकण्याचा खर्च सरकार करी. लोहाराच्या मुलानें रोमचीं भग्न मंदिरें मोजलीं, मग तो ग्रीसमध्यें व कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाऊन आला. ग्रीसमध्यें एजिना बेटावरील जुन्या देवालयाचा त्यानें बारकाईनें अभ्यास केला. आज पांढरीं दिसणारीं तीं देवळें एके काळीं रंगविलेलीं होतीं, हा शोध त्या वेळीं विद्वानांत गाजत होता. गार्निएनें त्या देवळाचें मूळचें रूप रंगांसहित काढून दाखविलें. रंगाची ही आवड त्याच्या मनांतून पुढें कधींच गेली नाहीं.

१८५४ मध्यें तो पॅरिसला परतला, तेव्हां मात्र त्याच्यासाठीं कोणतेंही मोठें काम थांबलेलें नव्हतें. दुसऱ्याच्या हाताखालीं देखरेख करावी, नगरपालिकेच्या नोकरींत दुरुस्त्या तपासाव्या, अशीं सहासात वर्षें गेलीं. पारितोषिक मिळविणारे पुष्कळ जण असेच कचेरींत म्हातारे होतात. तोही झाला असता.

पण ता. १४ जानेवारी १८५८ च्या रात्रीं फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन आणि राणी ऊजेनी हीं ऑपेराला जात असतां ओर्सिनी नांवाच्या इटालियन क्रांतिकारकानें व त्याच्या साथीदारांनीं नाट्यगृहाच्या दारांत त्यांच्या गाडीवर बाँब फेंकले. राजाराणी बचावलीं, आसपासचीं कांहीं माणसें मेलीं व शंभराहून अधिक जखमी झालीं. तें नाट्यगृह अरुंद रस्त्यावर, दाटीच्या वस्तींत होतें. रुंद रस्त्यांवर, मोकळ्या जागेंत, बादशहाची गाडी थेट आंत जाईल असें नवें ऑपेरागृह पाहिजे असें ठरलें. १८६० च्या डिसेंबरअखेर खुली स्पर्धा जाहीर झाली, आणि मुदत दिली अवघी एका महिन्याची!

सुमारें १७० नकाशे आले. वियोले-ल-द्युक राणीच्या मर्जींतला, त्याचाच नकाशा पसंत होणार असें सर्व जण धरून चालले होते; तो पहिल्याच फेरींत गळला. गार्निएचा नंबर पांचवा आला. निवडलेल्या पांच जणांची दुसरी स्पर्धा झाली आणि मे १८६१ मध्यें परीक्षकांनीं एकमतानें गार्निएस काम दिलें. तो पस्तीस वर्षांचा होता, आणि त्यानें तोंवर एकही थोर इमारत बांधली नव्हती. राणीला हें रुचलें नाहीं. नकाशा पाहून तिनें विचारलें कीं ही शैली तरी कोणती. ही ना ग्रीक, ना चौदाव्या लुईची, ना पंधराव्या लुईची. त्यावर गार्निएनें उत्तर दिलें कीं त्या साऱ्या शैली त्या त्या काळाच्या होत्या, ही तिसऱ्या नेपोलियनची आहे. अशी गोष्ट सांगतात.

खोदकाम सुरू होतांच खालीं पाणी लागलें. रंगभूमीचे पडदे व देखावे खालीं उतरविण्यासाठीं पाया फार खोल न्यावयाचा होता, आणि खणावें तितकें पाणी वर येई. वाफेचे पंप महिनेच्या महिने रात्रंदिवस चालत ठेवले. अखेर गार्निएनें तळाशीं जाड, दुहेरी पाया घालून त्यांत एक प्रचंड हौद बांधला आणि तो पाण्यानें भरून टाकला. बाहेरचें पाणी इमारतीला जो दाब देतें त्याला आंतल्या पाण्याचा उलट दाब बसतो. शिवाय आग लागलीच तर पाणी हाताशीं असतें. कोनशिला ता. २१ जुलै १८६२ रोजीं बसली.

या घरांत खरें नाट्य कोठें आहे, असें कोणी विचारील तर आमच्या मतें तें जिन्यावर आहे. पूर्वीच्या नाट्यगृहांत जिना म्हणजे केवळ वर जाण्याची वाट असे. गार्निएनें प्रेक्षागृहाइतकीच जागा त्याच्या पुढच्या दालनांना दिली. मधोमध रंगीबेरंगी संगमरवराचा रुंद जिना, तो वर जाऊन दोन्ही बाजूंस वळतो, आणि भोंवतालच्या सज्जांत उभे राहिलेले लोक चढणाऱ्यांना पाहतात. थांबून चेहरा पाहण्यासाठीं त्यानें आरसे ठेवविले. वरचें विश्रांतिदालन ५४ मीटर लांब व १८ मीटर उंच, राजवाड्यांतील दिवाणखान्यासारखें सोन्यानें मढविलेलें. परंतु त्यांत हिंडावयाचें कोणी, तर तिकीट काढून आलेल्यांनीं. प्रेक्षागृहांत सुमारें दोन हजार माणसें बसतात आणि डोक्यावरील झुंबराचें वजन सुमारें सात टन आहे. छताचा सांगाडा लोखंडाचा, पण तो दगडाआड पूर्ण झांकलेला. अलंकार फार झाले, डोळा विसांवा शोधतो, हा आक्षेप तेव्हांही होता आणि तो सर्वस्वी खोटा नाहीं.

आवाजाची गोष्ट मात्र त्याला छळीत राहिली. गाणें मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोंचावें कसें? त्यानें निरनिराळ्या नाट्यगृहांत जाऊन ऐकलें, जाणकारांस विचारलें, ग्रंथ वाचले. प्रत्येकाचें म्हणणें दुसऱ्याच्या उलट. शेवटीं आपण डोळे मिटून दैवावर हवाला ठेवला, असें त्यानें पुढें आपल्या ग्रंथांत निःसंकोच लिहून ठेवलें. यश आलें, पण तें शास्त्राचें नव्हे असेंही त्यानेंच सांगितलें. असा प्रामाणिकपणा मोठ्या कारागिरांत विरळा.

१८६७ मध्यें दर्शनी भाग लोकांना दाखविण्यांत आला. दोन वर्षांनीं कार्पो या मूर्तिकाराचा नर्तनाचा पुतळासमूह तेथें बसला, तेव्हां त्या उघड्या मूर्ति पाहून गांवांत एवढा गहजब झाला कीं एका रात्रीं कोणीतरी त्यांच्यावर शाईची बाटली फेंकली. आणि मग १८७० सालीं प्रशियाशीं युद्ध जुंपलें. बादशहा कैद झाला, राज्य गेलें, पॅरिसला वेढा पडला. अर्धवट ऑपेरागृहांत धान्याचीं कोठारें झालीं. वेढ्यांतील उपासमारीनें गार्निए आजारी पडला आणि प्रकृति सांवरण्यासाठीं इटलीच्या किनाऱ्यावर गेला. मागें त्याच्या साहाय्यकानें इमारत संभाळली.

नव्या प्रजासत्ताक सरकारास पदच्युत बादशहाचें हें खर्चिक स्मारक पुरें करण्याची मुळींच उत्सुकता नव्हती. काम तसेंच पडून राहिलें असतें. परंतु ऑक्टोबर १८७३ मध्यें जुनें ऑपेरागृह आगींत भस्मसात् झालें आणि सरकारचा निरुपाय झाला. गार्निएस हुकूम आला कीं आतां त्वरा करावी. बादशहा तोंवर इंग्लंडांत परलोकवासी झाला होता. त्याच्या गाडीसाठीं पश्चिमेच्या बाजूस बांधलेला चढाव व दालनें अपुरींच राहिलीं. ज्याच्या जिवाच्या भीतीनें हें घर निघालें त्यानें त्यांत एकही खेळ पाहिला नाहीं.

ता. ५ जानेवारी १८७५ रोजीं उद्घाटन झालें. प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मार्शल मॅकमॅहॉन, लंडनचे लॉर्ड मेयर, स्पेनचें राजघराणें, सारे आले. निरनिराळ्या ऑपेरांतील प्रवेश झाले. ज्यानें चौदा वर्षें या घरासाठीं घालविलीं त्या गार्निएस मात्र आपल्या जागेचे पैसे भरावे लागले, आणि ती जागाही दुसऱ्या मजल्यावरची. यांत आकस होता कीं नुसता कचेरीचा गाफीलपणा, हें ठरविण्याच्या भानगडींत आम्ही पडत नाहीं. पण खेळ संपल्यावर तो जिन्यावर आला, तेव्हां तेथें जमलेल्या लोकांनीं त्याला ओळखलें आणि टाळ्यांचा गजर केला. तो जिना लोकांसाठींच बांधला होता.

पुढच्याच वर्षीं, १८७६ मध्यें, जर्मनींत बायरॉइट येथें वाग्नर या संगीतकारानें आपलें नाट्यगृह उघडलें. तेथें प्रेक्षागृहांत अंधार, वादक नजरेआड, नालाकार मजले नाहींत, साऱ्यांच्या नजरा एका रंगभूमीकडे. पुढील काळांत नाट्यगृहें वाग्नरच्या वाटेनें अधिक गेलीं. तरीही जगांत अनेक शहरांनीं ऑपेरागृह बांधतांना गार्निएचा जिना डोळ्यांपुढें ठेवला.

त्याचें पुढील आयुष्य मानाचें गेलें. माँटे कार्लो येथें त्यानें सुमारें पांचशें माणसांचें छोटें, झगझगीत ऑपेरागृह बांधलें. तें १८७९ मध्यें उघडलें. नीस येथील वेधशाळेची इमारत त्याची, तिच्यावरचा फिरता घुमट आयफेलचा. त्याच आयफेलच्या मनोऱ्याविरुद्ध १८८७ मध्यें कलावंतांनीं जें निषेधपत्र काढलें त्यावर गार्निएचीही सही होती! लोखंड दगडाआड लपविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला उघडें लोखंड कसें रुचावें? ता. ३ ऑगस्ट १८९८ रोजीं पॅरिस येथें तो वारला. ऑपेरागृहाच्या पश्चिमेस, बादशहाच्या त्या अपुऱ्या दालनांपाशीं, १९०३ मध्यें त्याचें स्मारक उभारलें. त्यावरचा अर्धपुतळा मूळ कार्पोनेंच घडविलेला आहे.

१९६४ मध्यें प्रेक्षागृहाच्या छताखालीं शागाल या चित्रकाराचें नवें, भडक रंगांचें चित्र लावलें, आणि पुन्हां वाद माजला. १९८९ मध्यें पॅरिसनें बास्तीय येथें दुसरें, याहून मोठें ऑपेरागृह बांधलें. जुन्या घरांत अजून नृत्यनाट्यें व कांहीं ऑपेरा होतात, आणि लोक त्याला गार्निएचा वाडा म्हणतात. बादशहाचें नांव कोणी घेत नाहीं. तळघरांतला हौद तसाच भरलेला आहे. गास्तों लरू या लेखकानें १९१० मध्यें छापलेल्या कादंबरींत त्याचें सरोवर करून त्याच्या कांठीं एक भूत वसविलें. प्रत्यक्षांत तेथें पॅरिसच्या अग्निशामक दलाचे जवान अंधारांत पोहण्याचा सराव करतात.